गॅस न पेटवता नाश्ता

भाईंदर पश्चिमेच्या बाजारात जवळच्या मोरवा गावची एक बाई फळं घेऊन बसते. तिचं नाव मला माहीत नाही. पपई उचलली की ती आधी कानापाशी नेऊन टिचकी मारते आणि तोंड गंभीर करते. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की तिचा हात आणखी सावकाश चालतो. "खायचं कधी हाय?" हे विचारल्याशिवाय ती फळ देत नाही.

मी घरोघरी स्वयंपाकाची कामं करते. एका ताईंनी सांगितलं, "मावशी, उद्यापासून पोहे-उपमा बंद. चिया पुडिंग करायचं." म्हणजे चियाच्या बारीक बिया रात्रभर दुधात भिजवायच्या, आणि सकाळी ग्लासात त्यांचा एक थर, फळांचा एक थर. गॅस पेटवायचाच नाही. मग मला कशाला ठेवतील? मी कोणाशी फारशी बोलत नाही, पण त्या दिवशी फळवालीला हे बोलून गेले.

ती पपई निवडत म्हणाली, "मी तरी कुठं काय शिजवतंय? तरी लोकं येतान ना!"

संध्याकाळी मी बिया साबुदाण्यासारख्या चाळणीत धुतल्या. पाणी लागताच त्या बुळबुळीत होऊन चाळणीलाच चिकटून बसल्या. पाकिटात उरलेल्या न धुता दुधात टाकल्या.

सकाळी थर लावले. बिया, पपई, पुन्हा बिया, वर डाळिंब. ताईंनी ग्लास तळापर्यंत खरवडला आणि विचारलं, "मावशी, उद्या कोणतं फळ घालणार?"

मी म्हटलं, "फळवालीला विचारून सांगते."