स्वेटरची उलटी बाजू

सुमाआत्या कुठलाही कपडा आधी उलटा करून बघायची. माझ्या लग्नात सासरच्यांनी आणलेला शालू तिने भर मांडवात उलटा केला, धागे तपासले आणि "चांगला आहे, ठेवून घे," असं खणखणीत आवाजात सांगितलं. सासूबाईंचा तेव्हाचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. नागपुरातल्या मुलींच्या शाळेत तिने जन्मभर शिवण शिकवलं होतं. "सुलटी बाजू पाहुण्यांसाठी असते," ती म्हणायची, "काम पाहायचं तर उलटून पाहा."

दीड महिन्यासाठी ती आयर्लंडमध्ये माझ्याकडे क्लोनडॉकिनला आली, तेव्हा तिला ना समुद्राकाठचे उंच कडे बघायचे होते, ना किल्ले. तिला एकच वस्तू हवी होती. शकूआत्यासाठी हाताने विणलेला आयरिश स्वेटर.

शकूआत्या तिची धाकटी बहीण. दोघींनी लग्न केलं नाही, दोघी एकाच घरात राहायच्या, एकमेकींशी भांडायच्या. आमच्या घरात मूल जन्मलं की टोपडं, मोजे, स्वेटर शकूआत्याच्या हातचे. मग अर्धांगवायूने तिचा डावा हात गेला आणि विणायच्या सुया डब्यात गेल्या. "सगळ्यांचं माप घेतलं तिनं," सुमाआत्या चिडून म्हणाली, "तिचं कोणी घेतलं? या थंडीत शकू हाताचं विणलेलं घालेल म्हणजे घालेल."

"मग तूच विण ना," मी म्हटलं. ती उठून भांडी लावायला लागली. तरुणपणी शकूआत्या एकदा तिच्या विणीला हसून 'दोरखंड' म्हणाली होती. त्या दिवशी सुमाआत्याने सुया खाली ठेवल्या, त्या पुन्हा उचलल्या नाहीत. राग जपण्यात आमच्या घराण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

पहिल्याच शनिवारी मी तिला शहरातल्या एका मोठ्या दुकानात नेलं. लोकरीच्या टोप्या, कापसाच्या मेंढ्या, हिरव्या पानांच्या किल्लीसाखळ्या आणि भिंतभर दुधाळ रंगाचे, वेण्यावेण्यांच्या विणीचे स्वेटर. आत्याने एक उचलला आणि उलटा केला. आत शिवणीवर मशीनचा टाका सरळ धावत होता.

"हू निटेड धिस?" तिने विक्रेत्या मुलीला विचारलं.

"इट्स हँडक्राफ्टेड," मुलगी हसून म्हणाली.

"हूज हँड?"

मुलीने स्वेटरला लावलेली, 'हँडक्राफ्टेड' लिहिलेली चिठ्ठी पुढे केली. "इट्स ग्रँड, लव्ह. एव्हरीबडी बाइज इट."

मागे पर्यटकांची रांग खोळंबली होती. मी कानात म्हटलं, "आत्या, घे ना. कोणाला कळणार आहे?"

"शकूला कळेल," ती म्हणाली. "आणि तू काहून लाजून राहिली? खोटं त्यांनी लिहिलं, मी नाही." मग पुढचे सगळे स्वेटर एकेक उलटे करून, पुन्हा नीट घडी घालून ती बाहेर पडली. असे चार शनिवार गेले, चार दुकानं झाली. पाचव्या शनिवारी मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले. खरं तर मला तिची लाज वाटत होती. आज त्या लाजेचीच लाज वाटते.

ती एकटीच गावातल्या ग्रंथालयात गेली आणि तिथल्या फलकावर विणणाऱ्या बायकांच्या मंडळाचा कागद वाचून आली. मंगळवारी आम्ही तिथे गेलो. ब्रीडा नावाच्या ऐंशीच्या घरातल्या बाईने पिशवीतून एक स्वेटर काढला. पाठ झाली होती, पोट झालं होतं, बाह्या नव्हत्या. आपले वाकडे झालेले अंगठे दाखवत ती म्हणाली, "दीज आर फिनिश्ड, लव्ह." आत्याने ते तुकडे उलटे केले. बराच वेळ बोट फिरवत राहिली. "हिची वीण शकूसारखी आहे," ती मला म्हणाली.

परतीला बारा दिवस उरले होते. आत्याने हात पुढे केला आणि ब्रीडाने सुया त्या हातात ठेवल्या.

मग रोज सकाळी ब्रीडा बसने आमच्याकडे यायची. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघी बसायच्या. "लूसर, सुमा, लूसर," टाके सैल घाल म्हणून ब्रीडा टेबलावर टिचक्या मारायची. "आय निट लाइक धिस ओन्ली," आत्या मान वर न करता सांगायची. बोटं सुजली, तरी एका वेणीत चूक दिसली म्हणून तिने अर्धी बाही उसवली. मी म्हटलं, दिसत नाहीये. "तुला नाही दिसत," ती म्हणाली आणि पुन्हा टाके घातले. निघायच्या आदल्या दिवशी ब्रीडाने बाह्या जोडल्या.

विमानतळावर तो स्वेटर सामानात टाकायला आत्या तयार नव्हती. तपासणीच्या ट्रेमध्येही तिने तो उलटा करूनच ठेवला. "पाहू दे ना त्यांना," ती म्हणाली.

स्वेटर नागपूरला पोचल्यावर शकूआत्याने एका हाताने आधी तो उलटा केला. सुमाआत्याने काही सांगायच्या आत ती म्हणाली, "पाठ-पोट कोणा गुणी बाईचं आहे. बाह्या सुमीच्या. अजून दोरखंडच विणून राहिली मेली." मग ती रडली, आणि सुमाआत्या तिच्यावर ओरडली, हे सगळं मी व्हिडिओ कॉलवर पाहिलं.

गेल्या वर्षी मे महिन्यात सुमाआत्या अचानक गेली. मी तेराव्याला पोचले. नागपूर भट्टीसारखं तापलं होतं, कूलर गरम वारा फेकत होता. पाहुण्यांच्या घोळक्यात शकूआत्या तो जाडजूड स्वेटर घालून बसली होती. लोक कुजबुजत होते. शेवटी मीच जवळ जाऊन म्हटलं, "शकूआत्या, किती घाम येतोय. काढ ना."

तिने उजव्या हाताने डाव्या हाताची बाही मनगटापर्यंत ओढून घेतली.

"येऊ दे," ती म्हणाली.