मास्तरांच्या अंगणातला चंद्र

असोद्याच्या पितांबर मास्तरांनी नव्वद साली चंद्रावर वस्ती करायचं पक्कं केलं. घरची मोरी त्यांच्यानं तीन वर्षं बांधून झाली नव्हती, ती गोष्ट वेगळी. पण कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं, की जुन्या ज्वालामुखींनी चंद्रावर काचेची बारीक भुकटी उधळून ठेवलीय. तिच्यातून श्वासाची हवा काढता येईल, घरंही लिंपता येतील. झालं! मास्तरांच्या अंगात वारं शिरलं.

पारावर, चक्कीवर, भरिताच्या पंगतीत, माणूस दिसला की हे सुरू. "अरे, आपल्या विहिरीत लागतो तोच काळा दगड तिथं! फुकट पडलाय!" लोक भरीत चापायचे आणि माना डोलवायचे.

अशात धुळ्याचे पाहुणे मास्तरांच्या कुमुदला पाहायला येणार असं ठरलं. पोरीची आधीची दोन स्थळं फिसकटलेली, आईचा, सुनंदाबाईंचा, जीव टांगणीला. "अंगणात मुरूम टाकून चोपून घ्या," एवढंच त्या म्हणाल्या. आणि या शहाण्यानं काय आणावं? वीजकेंद्राची राख, ट्रॉली भरून! ती अंगणभर पसरलीसुद्धा. म्हणे, चंद्रावरची भुकटी अशीच असते, पाहुण्यांना प्रात्यक्षिक दाखवू.

पाहुण्यांच्या दिवशी सुनंदाबाई सड्याची बादली घेऊन आल्या, तर मास्तर आडवे आले.

"चंद्रावर कोण सडा टाकतं? प्रयोग बिघडेल!"

"अहो, सडा नसला तर पाहुण्यांना वाटेल, घरात सुतक आहे!"

पण ऐकतील ते मास्तर कसले! बादली ओट्यावरच राहिली.

संध्याकाळी पाहुणे अंगणात बाजांवर टेकले. उकडत होतं. मास्तरांनी मोठ्या कौतुकानं उभा फर्राटा पंखा लावला आणि बटण थेट शेवटावर नेलं. बापरे! अंगण उठलं आणि पाहुण्यांच्या नाकातोंडात गेलं.

"हाई काय शे भो! डोयामा बठ्ठी राख गई!" नवरदेवाचा बाप डोळे चोळत ओरडला. त्याला दमा होता. तो छाती धरून खाली बसला.

"घाबरू नका," धुरळ्यातून मास्तरांचा आवाज आला, "हिच्यातूनच श्वासाची हवा काढायचीय!"

पाहुण्यांनी म्हाताऱ्याला उचलून जीपमध्ये घातलं आणि धुळ्याचा रस्ता धरला. चिवड्याला कुणी हातसुद्धा लावला नाही.

चहाचा ट्रे घेऊन कुमुद बाहेर आली तेव्हा बाजा रिकाम्या होत्या. नवी साडी, केसांत गजरा. तिनं ट्रे बापाच्या पुढ्यात ठेवला.

"आबा, मले आता चंद्रावरचाच पोरगा पाहा."

मास्तरांना राखेचा ठसका लागला. मग ते उठले, ओट्यावरची बादली घेतली आणि खाली मान घालून सडा टाकू लागले.