भोजराजच्या मशीनमधला भाडेकरू

आमच्या कम्प्युटर रूममध्ये चपला बाहेर काढूनच जायचं, असा नियम होता. धूळ आत गेली की मशीन आजारी पडतं, अशी सगळ्यांची पक्की समजूत. त्यामुळे दाराबाहेर देवळासारखा चपलांचा ढीग असायचा. आपली जोडी शोधता शोधता लोक जे बोलायचे, त्यातूनच किस्से साचत गेले. वरठीजवळचा तो कारखाना सोडून मला जमाना झाला, पण किस्से सुटले नाहीत. बहुतेक किश्शांत मी जळून खाक झालेलो आहे, त्यामुळे विसरायचीही सोय नाही.

नियमातून सूट फक्त एकाला. सिस्टिम इनचार्जला आत घालायला निळ्या रबरी स्लिपरा मिळायच्या, एसीत पाय गारठू नयेत म्हणून. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जुने इनचार्ज नागपूरला बदलून गेले आणि स्लिपरा कपाटावर रिकाम्या पडल्या. मी वसंता, आंधळगावहून सायकल हाणत येणारा, डॉस या तेव्हाच्या संगणक-प्रणालीचा जुना ऑपरेटर. भोजराज मोहाडीचा, मोटरसायकलवाला, माझ्या मागाहून नोकरीला लागलेला. दोघांचीही नजर त्या कपाटावर.

*

कंपनीनं ट्रेनिंगला भोजराजला पाठवलं, पार पुण्याला. मला नाही. तो परतला तो एक नवीन मशीन आणि एक नवीन शब्द घेऊन: व्हर्च्युअल मशीन. नव्या मशीनवर युनिक्स ही दुसरी प्रणाली चालणार आणि तिच्या पोटात माझा डॉस, जणू आत वेगळंच मशीन असल्यासारखा. माझं जुनं मशीन स्टोअरमध्ये गेलं. माझ्या टेबलावर उरला नुसता पडदा आणि कीबोर्ड.

स्टोअरचे मेश्रामकाका आले आणि टेबलाखाली वाकून पाहू लागले.

"काय शोधता जी?" मी विचारलं.

"तुहं मशीन. कुठंतरी असन ना बापा."

भोजराज पुढं झाला. "काका, एक बांधी हाय समजा. मधात धुरा टाकला. एका बाजूले माहं युनिक्स, दुसऱ्या बाजूले याचा डॉस. इकडचं धान तिकडं जात नाही."

काका धानवाले; भाताचं खाचर आणि मधला बांध म्हटल्यावर त्यांना लगेच पटलं. क्षणभर विचार करून म्हणाले, "अन पाणी कोन सोडते?"

भोजराज नुसता हसला. ते हसणं मला अजून आठवतं.

*

डॉसमध्ये फॉर्मॅट नावाची कमांड असते. मारली की डिस्क साफ. सापाला भ्यावं तसा मी तिला भ्यायचो. कोणी कीबोर्डजवळ आलं तरी माझा हात आडवा जायचा.

भोजराजनं ती मॅनेजर साहेबांसमोर मारली, आणि तीही माझ्या डॉसमध्ये! मी खुर्चीतून उठलो. साहेबांचा चेहरा उतरला. मग त्यानं युनिक्समध्ये जपून ठेवलेली नक्कल आणली, जागेवर ठेवली, आणि डॉस पुन्हा जसाच्या तसा उभा.

"आतलं मशीन मेलं तरी फरक पडत नाही साहेब. दुसरं उभं करता येते."

साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. लागली मात्र मला.

*

मग त्याला नादच लागला. कुठून कुठून फ्लॉप्या आणायचा. जुना डॉस, नवा डॉस, कुठल्याशा परदेशी कंपनीचा तिसराच. एकेक आत लावून पाहायचा, पसंत नाही पडला की पुसून टाकायचा. बघायला गर्दी व्हायची, चपलांचा ढीग व्हरांड्यापर्यंत जायचा. माझ्या डॉसला कधी अशी गर्दी झाली नव्हती.

एकदा मला राहवलं नाही. सगळ्यांदेखत म्हणालो, "भोजराज, काम कवा करतो बे?"

"हेच काम हाय. लावून पाह्यल्याबिगर समजते का, कोनतं धान पिकते?"

सगळे हसले. मीही हसलो. त्याचं उत्तर बरोबर होतं, याचाच जास्त राग आला.

*

घरचा वार त्याहून वाईट. मोहाडीच्या बाजारात आमच्या बायकोला भोजराजची बायको भेटली. संध्याकाळी भाजी निवडता निवडता ही विचारते, "तुमी त्याइच्या मशीनमधी भाड्यानं राह्यता म्हनते जी?"

"कोन म्हनते?"

"वहिनीच सांगत होत्या. बरे लोकं हायेत पन. भाडं घेत नाहीत म्हने."

त्या रात्री मी जेवलो नाही. तिला वाटलं, पोट बिघडलं.

*

माझ्याजवळ एकच हुकमी एक्का होता. डॉसवर मी एक मेनू बनवला होता. अक्षरं इंग्रजी, पण शब्द आपले: हजेरी, माल, गाडी. सगळ्यात खाली एक ओळ, 'चहा झाला का?' गेटवाले, स्टोअरवाले त्यावर खूश. त्यांचं काही अडलं की थेट माझ्या टेबलाशी यायचे.

इनचार्ज ठरवायला नागपूरहून मोठे साहेब आले. मी त्यांना मेनू दाखवला. साहेबांनी स्वतः बटणं दाबून पाहिली, चहाची ओळ वाचून हसलेसुद्धा. मला वाटलं, स्लिपरा आल्या पायात.

"फार छान," साहेब म्हणाले. "हे चालतं कशावर?"

मी भोजराजकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं.

*

स्लिपरा भोजराजला मिळाल्या. फटक फटक करत तो रूमभर फिरायचा. सुट्टीच्या दिवशी घरी बसलो तरी तो आवाज माझ्या कानात असायचा.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीतून मी लवकर परतलो. पाहतो तर दाराबाहेर निळ्या स्लिपरा. आत घालायची वस्तू बाहेर कशी? आजूबाजूला कोणी नव्हतं. मी पाय घालून पाहिले. टाचा बाहेर आल्या.

आत गेलो. इनचार्जची खुर्ची रिकामी. भोजराज अनवाणी, माझ्या खुर्चीत, माझ्या पडद्यासमोर बसलेला. त्यानं आत आणखी एक मशीन उभं केलं होतं आणि त्याला नाव दिलं होतं 'वसंता दोन'. त्यात माझाच मेनू, ओळीला ओळ. फक्त शेवटी चहाच्या जागी त्यानं 'जेवण झालं का?' लिहिलं होतं. ते त्यानं पुसलं, 'बरे आहात का?' लिहिलं, तेही पुसलं.

"काय करून राहिला बे?"

तो दचकला नाही. पडद्याकडे पाहतच म्हणाला, "स्लिपरा मले भेटल्या. तरी लोकं तुलेच काहून विचारतेत, थे पाहून राहिलो."