बॅनरवरची नितळ त्वचा

पिंपल्स गेले नव्हते, तरी ते गेले असं मी लेखी दिलं. सोबत फोटो दिला. तो बॅनरवर लावायची परवानगीही दिली. ही तिन्ही कामं मी पूर्ण शुद्धीत केली.

वय छत्तीस. या वयात माणसाच्या कानशिलावर पांढरे केस येतात. माझ्याकडे ते आले, पण पिंपल्सनी काही जागा सोडली नाही. साधे नव्हेत, खोल, दुखरे, गाठीसारखे. एक बसला की शेजारी दुसरा तयारच. माझ्या तोंडाचं एवढं काही नाही, पण हा चेहरा आमच्या घरात एकट्या माझा नाही. ताईला उरणजवळच्या मोरा बंदरावर दिलीय. तिची सोळा वर्षांची मुलगी, माझी भाची, हिला माझ्यापेक्षा वाईट. पोर डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधून कॉलेजला जायची आणि घरातल्या कुठल्याही फोटोत उभी राहायची नाही. तिला डॉक्टरांनी गोळी सुरू केली होती, आणि ती घाबरत घाबरत का होईना, घेत होती.

मला पनवेलच्या डॉक्टरांनी तीच गोळी सांगितली. भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "नुसत्या मलमानं हे जाणार नाही. काही महिने गोळी घ्या. मधेमधे रक्त तपासू. ओठ कोरडे पडतील. औषध कडक आहे, पण खुणा राहायच्या आत घेतलेलं बरं."

एवढ्या सगळ्यात मी फक्त 'कडक' ऐकलं. गोळ्यांचं पाकीट स्वयंपाकघरात पापडाच्या डब्यामागे गेलं आणि मी कामोठ्यातल्या एका सर्वांगीण उपचार केंद्रात गेलो. चष्म्याच्या दुकानाच्या वर, चपला बाहेर काढायच्या, आत बासरीची रेकॉर्ड चालू. तिथल्या मॅडम इतक्या हळू बोलायच्या की आपोआप पुढे वाकून ऐकावं लागे आणि वाकलं की माणूस निम्मा पटलेलाच असतो. पहिली पंधरा मिनिटं त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. कोणत्या कुशीवर झोपता? जेवताना मोबाइल बघता का? लहानपणी कोणाचा राग गिळला होता?

मी आठवून सांगितलं, गावच्या कबड्डीच्या टीममधून मला ऐनवेळी काढलं होतं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. म्हणाल्या, "बघा, तोच गालावर आलाय."

मला भरून आलं. इतकी वर्षं लोक माझ्या पिंपल्सचा दोष तेलकट वडे आणि अस्वच्छ उशी यांच्यावर ढकलत होते. त्यांना काही इतिहास आहे, असं म्हणणारं हे पहिलंच माणूस.

मग उपचार. सकाळी उपाशीपोटी कडुलिंबाचा रस. संध्याकाळी मुलतानी माती. दहाला झोप. आरशासमोर उभं राहून, छातीवर हात ठेवून स्वतःच्या त्वचेची माफी मागायची, रोज अकरा वेळा. आणि मासे बंद.

आमचं घर मूळचं उरणकडचं, खाडीकाठचं. घरात मासळी नसली की आई विचारते, आज कोण आजारी आहे. तिला हे सांगितलं तेव्हा ती बोंबील साफ करत होती. विळीवरून मान वर न करता म्हणाली, "मासं सोरून काय खाशील रं? कागद?"

"आई, शरीरातली उष्णता कमी करायचीय."

"मंग पंख्याखाली बस ना."

मी तीन महिने मासे सोडले. आई समोर बसून खायची आणि काटे माझ्या बाजूला ठेवायची. मी त्वचेची माफी मागत असताना तिने एकदा मला पाहिलं. मग बाथरूमचं दार हळूच ओढून घेतलं.

खरं सांगायचं तर फायदा झाला. दहाला झोपल्याने सकाळी डोकं दुखायचं थांबलं, ॲसिडिटी गेली, ऑफिसात मी चिडेनासा झालो. चेहरा सोडून सगळं सुधारलं. चेहऱ्यावर उलट नवीन गाठी आल्या. घाबरून मॅडमना दाखवल्या, तर त्यांचा चेहरा उजळला. "छान! आतलं विष बाहेर पडतंय." हा हिशेब मला फार आवडला. कमी झाले तर उपचार लागू पडला, वाढले तर जास्तच लागू पडला. नापास व्हायची सोयच नव्हती.

दर गुरुवारी सगळ्या पेशंटनी गोल बसून अनुभव सांगायचा असे. एका काकांचा गुडघा, एका बाईंची झोप, एका मुलाचं एकाग्र न होणारं मन. मॅडम प्रत्येकाकडे अशा मायेने बघायच्या आणि विचारायच्या, "फरक जाणवतोय ना?" त्या नजरेला नाही म्हणायला जिगर लागते. माझ्या आधीच्या काकांनी उठताना गुडघा दाबत "खूप फरक आहे" म्हटलं, तेव्हा मी काय वेगळा दिवा लावणार होतो? मीही म्हटलं, "खूप."

टाळ्या पडल्या. छत्तीस वर्षांत माझ्या तोंडासाठी पडलेल्या पहिल्या टाळ्या. पुढच्या गुरुवारी मी आपण होऊन हात वर केला. त्याच्या पुढच्या गुरुवारी पनवेलच्या डॉक्टरांचीही थोडी टिंगल केली, लोक हसले. महिन्याभरात मी केंद्राचा लाडका पेशंट झालो आणि मॅडमनी विचारलं, "लिहून द्याल?" मी पान भरून दिलं. फोटो त्यांच्या असिस्टंटने काढला, खिडकीच्या उजेडात, मोबाइलमधलं सुंदर करायचं बटण दाबून. त्यात पिंपल्स गेलेच, पण डाव्या गालावरची जन्मखूणही गेली.

बॅनर लागला तो आमच्याच चौकात, एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या बॅनरला खेटून. 'कडक औषधांना रामराम! मी गोळ्या फेकल्या, त्वचा नितळ झाली.' खाली मी, उकडलेल्या अंड्यासारखा. पहिल्याच दिवशी एका रिक्षावाल्याने बॅनर पाहिला, मला पाहिलं, परत बॅनर पाहिला आणि विचारलं, "हा तुमचा भाऊ का?" त्या दिवसापासून मी दाढी वाढवायला घेतली. पंधरा दिवसांत निम्मा चेहरा झाकला आणि उरलेल्याला मी अंधाऱ्या कोपऱ्यात बसवू लागलो.

मग ताईचा फोन. कोणीतरी तिला बॅनरचा फोटो पाठवला होता.

"काय रे, एवढा फरक पडला नि मला सांगितलं नाय?"

इथे खरं सांगायची उत्तम संधी होती. समोर ना मॅडम होत्या, ना टाळ्या. मी म्हटलं, "अगं, फरक आहे."

"मंग हिच्या गोल्या बंद करते. ओठ फुटलेत पोरीचे, रोज रडते. रविवारी घेऊन येते, तू त्या बाईंकडं ने."

रविवारी दोघी आल्या. भाचीने स्कार्फ सोडलाच नाही. ताईने पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून टीपॉयवर ठेवलं. "जेट्टीवरूनच खाडीत टाकणार होते. हिनं हात धरला. म्हनते, आधी मामाला बघू."

आईने माझ्या दाढीकडे बघत मुद्दाम घाई केली. "चहा घ्या नि निघा, ती बाई बाराला बंद करते."

भाची माझ्यासमोर बसली. डोळे तेवढे दिसत होते. "मामा, दोन महिने झाले मला. जुने बसायला लागलेत थोडे. पण भीती वाटते. खरंच बंद करू?"

मी घसा साफ केला. "हे बघ, प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते. त्वचेला काहीतरी सांगायचं असतं. आपण तिचं..."

"तुझे गेले का?"

एवढा साधा प्रश्न तीन महिन्यांत कोणी विचारलाच नव्हता. सगळ्यांनी फरक विचारला होता. ताई माझ्याकडे बघत होती, आई माझ्याकडे बघत होती आणि पाकीट टीपॉयवर पडलेलं होतं. हो म्हटलं असतं तर ताईने ते उचलून सरळ कचऱ्यात टाकलं असतं. मी उठलो आणि बाथरूममध्ये जाऊन दाढी केली.

गाठींवरून रेझर फिरवणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. तीन ठिकाणी कापलं. रक्तावर वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवून मी बाहेर आलो आणि खिडकीजवळ, भर उजेडात उभा राहिलो. रोज अकरा वेळा माफी मी इतके दिवस त्वचेची मागितली होती. आता खऱ्या माणसाची एकदा मागायची होती.

"गेले नाहीत," मी म्हटलं. "वाढलेत. लिहून दिलं ते खोटं होतं. लोक टाळ्या वाजवायचे म्हणून."

ताई दोन पावलं पुढे आली. मला वाटलं मारते. "मी पोरीचं औषध बंद करनार होते, कलतंय का तुला? टाल्यांसाठी?"

"ताई, बंद करू नकोस. ओठांचं त्या डॉक्टरांनाच विचार. ते डोस बघतील. मी पण उद्या पनवेलला जातो. आणि बॅनर मी उतरवायला सांगतो."

"सांगतो नाय. उतरव."

आई खुर्चीतून उठली, माझ्या गालावरचा एक कागद नीट दाबला आणि मान हलवत आत गेली.

भाचीने हळूच स्कार्फ सोडला, जवळ येऊन माझा चेहरा या कानापासून त्या कानापर्यंत नीट पाहिला. मग टीपॉयवरचं पाकीट उचलून स्वतःच्या बॅगेत टाकलं आणि चेन लावली.

"मम्मी, मी घेणार गोळी," ती म्हणाली. "एवढे दिवस डॉक्टर समजावत होते तरी भीती जात नव्हती. मामाचं तोंड बघितलं, गेली."