नाडीखालचा डाग

लोणावळ्याच्या आमच्या हॉस्पिटलात सरांना दोनच ताप माहीत होते: डेंग्यू, आणि डेंग्यू नसला की व्हायरल. कुरवंड्याच्या मावशींची डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली, तसं त्यांना दुसऱ्या खान्यात टाकून सर मोकळे झाले. ताप हटत नव्हता, धाप वाढत होती, आणि मावशींचा मुलगा दाराशी उभा राहून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता.

मी नवी डॉक्टर, त्यात मुखदुर्बळ. तरी राउंडला म्हणाले, "सर, स्क्रब टायफस असेल का? झुडपांतला बारीक किडा चावून होतो. मावशी गवत कापायला जातात."

"तो हिमाचलचा आजार." सर माझी फिरकी घ्यायला मावशींकडे वळले. "काय मावशी, हिमाचलला गेला होतात का?"

"न्हाई बा. आळंदीला गेलते."

सगळे हसले, सर सगळ्यांत मोठ्यानं. हा माणूस बायकांचं पोटही साडीवरूनच तपासायचा आणि त्याला सभ्यपणा म्हणायचा. साडीखाली जे काही असतं, ते त्याच्या वैद्यकशास्त्रात नव्हतंच.

राउंड पुढे सरकल्यावर मी खाटेभोवती पडदा ओढला. "मावशी, अंगावर कुठे व्रण आहे का?"

"त्ये काय आसतं? सरळ बोल की बाय."

"कुठे काळं पडलंय का?"

"नाडी काचलीया, दुसरं काय. चुना लावलाय."

ओशाळत त्यांनी परकराची गाठ सैल केली. वाळलेला चुना मी ओल्या कापसानं पुसला. खाली काळी खपली, विडी टेकवल्यासारखी. भोवती लाल कडं. दुखत अजिबात नव्हती. किडा चावला होता तो इथेच.

मी बोलावल्यावर सरांनी पडद्याच्या फटीतून पाहिलं. "बरं, डॉक्सीच्या गोळ्या देऊन बघ," म्हणाले, उपकार केल्यासारखे.

दुसऱ्या संध्याकाळी ताप उतरला. मावशींनी चहा मागितला आणि पांचट म्हणून नावं ठेवली. मुलगा पहिल्यांदाच खुर्चीवर टेकला.

घरी सोडताना सर त्याला समजावत होते, "हा आपल्याकडचा आजारच नाही. टुरिस्ट आणतात." म्हणजे किडा गाडीत बसून येतो आणि कुरवंड्याच्या गवतात उतरतो.

शेजारच्या खाटेवर वलवणची एक बाई तापानं कण्हत होती. सरांनी तिचं पोट साडीवरून चाचपलं, "व्हायरल," म्हणाले आणि पुढे गेले.

मी पडदा ओढला.