खेकड्याच्या वासाचं पाणी

बातमी माझ्याच टेबलावर आली. भिवंडीच्या निजामपुऱ्यात स्लॅब कोसळून खासगी क्लासच्या शिक्षिकेचा मृत्यू. मुलं अजून यायची होती. मी मजकूर नीट करून पुढे पाठवला. नाव नंतर आलं... सुजाता, माझी मामेबहीण.

ती खारबावची. भिवंडीतल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवायची आणि पीएचडीसाठी तारामाशांवर काम करायची. प्रयोगशाळेत खाऱ्या पाण्याच्या दोन टाक्या होत्या. एकीत तारामासे, दुसरीत त्यांना खाणारा खेकडा. तारामासा स्वतःचं जठर तोंडातून बाहेर काढून शिंपल्यात सरकवतो आणि भक्ष्य तिथंच पचवतो. तेव्हा त्याला चटकन निसटता येत नाही. नेमक्या त्या वेळी सुजाता खेकड्याच्या टाकीतलं भांडंभर पाणी त्याच्यावर सोडायची. पोट भरलेला तारामासा जठर आत ओढून शिंपला सोडून द्यायचा. उपाशी ठेवलेला बसून राहायचा.

"त्याला वास येत नाही का?" मी विचारलं होतं.

"येतो ना दादा. पण आज उठला तर उद्या काय खाईल?"

कॉलेजचं मानधन महिनोन्‌महिने रखडायचं. घर क्लासवर चालायचं. क्लासची खोली यंत्रमागांच्या वर, जिन्याशी लाल रंगात 'धोकादायक इमारत' असं लिहिलेलं. एकदा मी सोबत असताना खालचे कारखानदार रफिकभाई जिन्यात भेटले.

"मॅडम, छत देखी? बच्चों को लेके निकल जाओ."

"तुमचे लूम बंद करा. छत हलायची थांबेल."

"लूम बंद किये तो खाएँगे क्या?"

"मग मलाच कशाला सांगता?"

दोघंही हसले. वर गेल्यावर ती मला म्हणाली, "बघतेय दुसरी जागा. ही बॅच परीक्षेला बसू दे."

मामी आता आल्यागेल्याला एवढंच सांगते, "नको जाव म्हनत होते मी. पन घरात दुसरं कमवनारं कोन हाय?"

गेल्या आठवड्यात सुजाताची पुस्तकं आणायला प्रयोगशाळेत गेलो. जाताना बाजारातून थोड्या जिवंत तिसऱ्या, खायचे छोटे शिंपले, घेतल्या होत्या. टाक्यांचे पंप चालू होते. तारामासा एकच उरला होता. ती गेल्यापासून त्याला कुणी खायला घातलं नव्हतं. मी एक तिसरी पाण्यात सोडली. तो हळूहळू सरकत आला, तिच्यावर बसला. बऱ्याच वेळानं मी शेजारच्या खेकड्याच्या टाकीतलं भांडंभर पाणी घेतलं आणि त्याच्यावर ओतलं...

तो उठला नाही.