कार्तिकातली राखी

आमचे भाऊजी खुशालभाऊ म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कुंताबाईचे यजमान. गिरडच्या रस्त्याला त्यांचं वावर आहे. वांगी, पालक, मेथी काढतात आणि समुद्रपूरच्या बाजारात विकतात. पण गावात त्यांची ओळख भाजीमुळे नाही. शेताच्या बांधावरून, म्हणजे धुऱ्यावरून भांडण पेटलं, भावाभावांचं बोलणं तुटलं, सुनेनं वेगळी चूल मागितली की बोलावणं भाऊजींना. दोघांना समोरासमोर बसवायचं, एका किटलीतला चहा पाजायचा आणि म्हणायचं, "चला, सोडा आता." बहुतेक लोक सोडतात. भाऊजींना नाही म्हणता म्हणता थकतात म्हणून सोडतात, असं माझं मत आहे. बहिणीसमोर मी ते बोलत नाही.

असा हा माणूस यंदा दिवाळीनंतर पुरता गोंधळून गेला. गोंधळ घरातलाच होता.

भाची मयुरी तालुक्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्याच वर्गातला नीरज, जाम गावच्या चौकात कृषी केंद्र चालवणाऱ्या योगेंद्र शेठचा मुलगा, महिनाभर तिच्या मागं लागला होता. स्टँडवर उभा राहायचा, नंबर मागायचा. एके दिवशी लायब्ररीबाहेरच्या व्हरांड्यात त्यानं तिचं मनगट पिरगाळलं आणि हातातला फोन ओढला. मयुरीनं कॉलेजच्या तक्रार समितीकडे स्वतः अर्ज दिला. घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कॉलेज बंद झालं असतं, हे तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

भाऊजींना ही बातमी दिली ती योगेंद्र शेठनं. पेढ्याचा डबा घेऊन आला, ओट्यावर बसला आणि हात जोडून म्हणाला, "भाऊ, पोरगं चुकलं. तुमची पोरगी ते माही पोरगी. तिच्या हातानं राखी बांधू, बहीण-भाऊ होऊन जातीन. अर्ज तेवढा वापस घ्या."

आमच्याकडे ही रीत जुनीच. पोरानं पोरीची वाट अडवली की चार लोकांत राखी बांधायची, पेढा वाटायचा, मामला खतम. भाऊजींनीच गावात दोनदा अशी राखी बांधवली आहे. त्यांना हायसं वाटलं. त्यांनी तिथल्या तिथं शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी अर्ज मागे घ्यायला ते कॉलेजात गेले, मला बरोबर घेऊन. समितीच्या सुमित्रा मॅडमनी पाणी दिलं, खुर्ची दिली, अर्ज मात्र दिला नाही.

"काका, अर्ज मयुरीचा आहे. समझोता करायचा का नाही, ते तिनंच सांगायचं."

"मी तिचा बाप हाय मॅडम."

"हो. पण ती एकोणीस वर्षांची आहे."

बाहेर आल्यावर भाऊजी गाडीजवळ नुसतेच उभे. किल्ली हातात, पण लावायचं भान नाही. "पोरगी माही, अन् सही तिची? मंग मी कोण?" मी म्हटलं, "भाऊजी, गाडी सुरू करा, ऊन लागून राह्यलं." दुसरं काय सांगणार? मलाही नीट कळलं नव्हतं.

संध्याकाळी मयुरीनं ऐकून घेतलं. रडली नाही. "बाबा, मी राखी बांधली का तो माहा भाऊ झाला. मंग तो भाऊबीजेले येईन, लग्नाले येईन, स्टँडवर मले थांबवून म्हणन, बहिणीले बोलून राह्यलो. तुम्ही त्याले घराचा दरवाजा उघडून देता. असं असन त मी कॉलेज सोडते."

"काऊन सोडते? त्यानं त माफी मागतली."

"कोणाले? तुमाले. मले नाई."

पण भाऊजींचा शब्द गेला होता, आणि योगेंद्र शेठ रविवारी मुलाला घेऊन यायचा होता. दिलेला शब्द फिरवायचा कसा, हे त्यांना आयुष्यात कधी शिकावंच लागलं नव्हतं. शेवटी मयुरी म्हणाली, "येऊ द्या त्याले." भाऊजी खूश झाले. मला मात्र तिचा आवाज आवडला नाही.

कार्तिकात राखी कुठं मिळणार? माझ्या किराणा दुकानात श्रावणातली शिल्लक होती, तीच दिली. तिच्यावरची टिकली पार उडालेली होती. कुंताबाईनं ताट केलं, पाट मांडला. नीरज पाटावर बसला. डाव्या हातात मोबाइल, उजवा हात पुढे.

मयुरी समोर बसली, त्या हाताकडे पाहिलं आणि राखी उचलून वडिलांच्या तळहातावर ठेवली.

"याच हातानं माहं मनगट धरलं होतं त्यानं. शब्द तुमचा हाय बाबा, तुम्हीच बांधा."

मला मनापासून वाटलं, भाऊजी आता चिडतील. ते चिडले नाहीत. राखी धरून पोराच्या हाताकडे पाहत राहिले. मग विचारलं, "खरंच याच हातानं?"

नीरज वर न पाहता म्हणाला, "काका, मिटलं ना आता ते? बांधा लवकर, मले जामले जायचं हाय."

"नेमकं काय मिटलं, तेच मले मालूम नाई," भाऊजी हळूच बोलले. "शेठ, धुऱ्याचं भांडण असलं त मी आधी दोघाले विचारतो, कोणाचं काय म्हणणं हाय. हिले मी विचारलंच नाई. काऊन विचारलं नाई, तेबी समजून नाई राह्यलं."

"भाऊ, शब्द दिला होता तुम्ही," योगेंद्र शेठचा आवाज चढला.

"दिला होता. मागं घेतो." हे म्हणताना ते इतके ओशाळले होते, की मला त्यांची दया आली. पोराला म्हणाले, "उठ बाबू, पाटावरून उठ."

शेठ तरातरा निघून गेला. भाऊजी बराच वेळ ओट्यावर बसून होते. गावात आता आपल्याला कोण बोलावणार, या विचारानं की आणखी कशानं, कोण जाणे. मधेच मला म्हणाले, "बरोबर केलं का रे मी?" मी हो म्हटलं. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

समितीनं मयुरी आणि नीरज, दोघांचं म्हणणं ऐकायला बोलावलं तेव्हा भाऊजी मयुरीला गाडीवर घेऊन गेले. मीही मागून पोचलो. सुमित्रा मॅडमनी दार उघडलं, मयुरीला हाक मारली आणि बाकावर अवघडून बसलेल्या भाऊजींना पाहून थांबल्या.

"काका, तुम्हालाही आत यायचं आहे का?"

भाऊजी घाईनं उठले. दोन पावलं पुढे गेले आणि तिथंच थबकले.

"मले नका विचारू मॅडम," ते म्हणाले. "तिले विचारा."